तांबडा समुद्र, हुथी आणि भारत : एका विद्यार्थ्याची चार मतं

तृतीयवर्षीय

राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधले हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर जे हल्ले करत आले ते वाचून माझी चार मतं तयार झाली आहेत. ती मांडतो. नुसतं 'अजून लहान आहेस' म्हणू नका, कुठे आणि का चुकलं ते सांगा.

१. हुथींनी तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब अल-मंदेबची सामुद्रधुनी 'बंद केली' हे अतिरंजित आहे. त्यांच्याकडे धड आरमारही नाही. जुलै २०२५ पर्यंत शंभरावर जहाजांवर हल्ले झाले, त्यात बुडाली फक्त चार : रूबीमार, ट्यूटर, मॅजिक सीज आणि इटर्निटी सी. सुएझमधून वर्षाला वीस-पंचवीस हजार जहाजं जातात. म्हणजे धोका एक टक्काही नाही. एवढ्यासाठी आफ्रिकेला वळसा घालणं हा बड्या कंपन्यांचा भाडं वाढवण्याचा बहाणा आहे.

२. संयुक्त राष्ट्रं निरुपयोगी आहेत. व्हेटोमुळे काही होतच नाही आणि भारत नेहमीप्रमाणे ठरावावर तटस्थ राहिला.

३. तिथल्या जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेने काढलेल्या 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहिमेत भारताने सामील व्हायला हवं होतं. युद्धनौका पाठवायच्या, पण आघाडीत जायचं नाही, हे बोटचेपं धोरण आहे.

४. आपल्या निर्यातदारांचं फार बिघडलं नाही. विमा असतोच.

टवाळ

चार मतं, चार जहाजं. बघू किती तरंगतात. (हलके घ्या.)

हिशोबनीस

मत क्र. १ घेतो. तुमची टक्केवारी ठीक आहे, पण ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते. जहाज बुडण्याची शक्यता किती, हे पाहून मालक मार्ग ठरवत नाही. त्या शक्यतेची किंमत विमेवाला काय लावतो, ते पाहून ठरवतो.

जहाजाच्या नेहमीच्या विम्यात वादळ, टक्कर, आग, खडकावर चढणं हे सगळं येतं, पण युद्ध, जप्ती, क्षेपणास्त्र हे त्यातून वगळलेलं असतं. त्यासाठी युद्धजोखमीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. तो वर्षाचा असला तरी त्यात एक मेख आहे. लंडनमधली 'जॉइंट वॉर कमिटी' धोक्याच्या पाण्याची एक यादी ठेवते. त्या पाण्यात शिरायचं तर आधी विमेवाल्याला कळवायचं आणि जादा हप्ता भरायचा. तो साधारण सात दिवस चालतो. १८ डिसेंबर २०२३ ला कमिटीने तांबड्या समुद्रातल्या धोक्याच्या पट्ट्याची उत्तर हद्द १५ अंशांवरून १८ अंशांवर नेली. संकटाआधी हा जादा हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्यांच्या आसपास असे. २०२४ च्या सुरुवातीला तो ०.७ ते १ टक्क्यावर गेला.

आता एक हिशोब मांडू. आकडे सोयीसाठी गोल धरलेत, प्रत्येक जहाजाचे वेगळे असणार. जहाजाची किंमत १० कोटी डॉलर समजा.

सुएझमार्गे : कालव्याचा टोल ५ लाख, युद्ध हप्ता ०.७ टक्के म्हणजे ७ लाख. एकूण १२ लाख डॉलर.

केपमार्गे : न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझने सुमारे ६,३०० सागरी मैल, गुड होपच्या भूशिराला वळसा घालून सुमारे १०,८००. फरक ४,५०० मैलांचा, म्हणजे १६ नॉटने (ताशी १६ सागरी मैल) बारा दिवस. रोजचं इंधन ८० टन, टनाला ६०० डॉलर धरले तर ५ लाख ७६ हजार. जहाजाचं रोजचं भाडं ४० हजार धरलं तर ४ लाख ८० हजार. एकूण १० लाख ५६ हजार.

म्हणजे केपचा लांबचा रस्ताच स्वस्त पडला. हप्ता ०.५५ टक्क्यांच्या आसपास आला की दोन्ही बाजू सारख्या होतात. तो पुन्हा ०.०५ वर आला तर सुएझचा खर्च साडेपाच लाख, केपच्या जेमतेम निम्मा. हुथींना सामुद्रधुनीत साखळदंड लावायची गरजच नाही. हप्ता त्या ०.५५ च्या वर राहील एवढं अधूनमधून काहीतरी केलं की पुरे. जानेवारी २०२४ ते जुलै २०२५ ह्या काळात हल्ले कधी दाट होते, कधी महिनोन्महिने बंद होते, तरी कंटेनर जहाजांनी वाट बदलून ठेवली ती ह्यामुळेच.

टवाळ

थोडक्यात, क्षेपणास्त्र सुटतं येमेनमधून आणि फुटतं लंडनच्या टेबलावर.

पडाव

हिशोबनीस, हिशोब चोख आहे, पण तो सगळ्या जहाजांना सारखा लागू नाही. हप्ता जहाजाच्या किमतीवर असतो. १० कोटींच्या कंटेनर जहाजाला ७ लाख, पण जुन्या, २ कोटी डॉलरच्या बल्क कॅरियरला (सुटा माल नेणारं जहाज, म्हणजेच बल्कर) त्याच दराने १ लाख ४० हजार. शिवाय बल्कर बारा-साडेबारा नॉटने जातं, त्यामुळे केपचा वळसा त्याला पंधरा दिवसांचा पडतो. म्हणून धान्य, खत, कोळसा नेणारी जुनी जहाजं त्या पाण्यातून जात राहिली. आणि बुडालेली चारही जहाजं कोणती होती? चारही बल्कर. हा योगायोग नाही. महागडी जहाजं निघून गेल्यावर निशाण्यावर तीच उरली.

'चार बुडाली' ह्या हिशोबात आणखी एक गोष्ट सुटते. रूबीमारला १८ फेब्रुवारी २०२४ ला क्षेपणास्त्र लागलं. जहाज नांगर टाकून सोडून दिलं गेलं आणि बुडेपर्यंत, म्हणजे २ मार्चपर्यंत, नांगर तळावर ओढत वाहत राहिलं. पोटात सुमारे २१ हजार टन खत. त्याच सुमारास तिथल्या तीन समुद्री केबल तुटल्या : एएई-१, सीकॉम आणि ईआयजी. बहुधा त्याच नांगराने. तिन्हींची टोकं मुंबईत येतात. एका बल्करचा नांगर आणि मुंबईचं इंटरनेट, इतकं ते पाणी अरुंद आणि उथळ आहे. बाब अल-मंदेब जेमतेम ३० किलोमीटर रुंद, त्यातही मध्ये पेरिम बेट. मोठी जहाजं त्याच्या पश्चिमेच्या वाटेने जातात.

भाडेवाढीच्या 'बहाण्या'बद्दल : अर्धं खरं आहे. कंटेनरची सेवा एसटीच्या फेऱ्यांसारखी असते, दर आठवड्याला ठरल्या वारी जहाज सुटायला हवं. जाऊन-येऊन फेरी ५६ दिवसांची असेल तर ८ जहाजं लागतात. दोन्ही बाजूंनी बारा-बारा दिवस वाढले की फेरी ८० दिवसांची, म्हणजे त्याच सेवेला १२ जहाजं. हे कंपन्यांनी मुद्दाम केलेलं नाही, गणितच तसं आहे. पण २०२३-२४ मध्ये ढिगाने नवी जहाजं पाण्यात उतरत होती, भाडी कोसळायच्या बेतात होती, ती जादा जहाजं ह्या वळशात खपून गेली. वळसा गरजेपोटी घातला, नफा पदरात पडला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुमच्या परीक्षेत मात्र एकच पर्याय निवडायला लावतील.

अनुच्छेद

मत क्र. २ मध्ये दोन सरळ चुका आहेत, त्या आधी दुरुस्त करून घ्या.

सुरक्षा परिषदेचा ठराव २७२२, १० जानेवारी २०२४. बाजूने ११, विरोधात शून्य, तटस्थ ४ : रशिया, चीन, अल्जीरिया, मोझांबिक. व्हेटो कुणी वापरलाच नाही. आणि भारत तटस्थ राहिला नाही, कारण भारत तेव्हा परिषदेत नव्हताच. आपली अस्थायी सदस्यत्वाची मुदत २०२१-२२ ची होती. (युक्रेनच्या ठरावांवर भारत तटस्थ राहिला होता, बहुधा ते इथे मिसळलं.)

ठराव मंजूर झाला, तरी काही झालं नाही हे मात्र खरं. का, ते पाहा. २७२२ हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या (बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या) प्रकरणाखाली नव्हता. त्यात हल्ल्यांचा निषेध आहे, हुथींनी पकडलेलं गॅलक्सी लीडर जहाज सोडा अशी मागणी आहे, आणि आपल्या जहाजांचं रक्षण करायच्या राष्ट्रांच्या हक्काची 'नोंद' आहे. परवानगी नाही. सोमाली चाच्यांच्या वेळचा २००८ चा ठराव १८१६ शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच दिसतो. तो सातव्या प्रकरणाखाली होता आणि सोमालियाच्या सागरी हद्दीत शिरायची मुभा देत होता, कारण तिथल्या मान्यताप्राप्त सरकारने तशी संमती दिली होती आणि व्हेटो असलेल्या पाचही बड्यांना चाचे नकोच होते. हुथींच्या बाबतीत तसा मजकूर आणला असता तर रशिया-चीनने तटस्थ राहण्याऐवजी विरोधात हात वर केला असता. म्हणून मजकूर पातळ केला आणि मंजूर करून घेतला. व्हेटो न वापरताही व्हेटो काम करतो, तो असा.

दुसरं, 'चाचेगिरी' हा शब्द इथे वापरू नका. सागरी कायद्याच्या करारातल्या अनुच्छेद १०१ प्रमाणे चाचेगिरी खासगी हेतूसाठी केलेली असावी लागते. हुथींचा हेतू राजकीय आहे आणि ते तो लपवतही नाहीत. ह्या फरकाला व्यवहारात किंमत आहे. रुएन हे अपहृत जहाज आपल्या आयएनएस कोलकाताने १६ मार्च २०२४ ला सोडवलं. १७ खलाशी सुटले, ३५ सोमाली चाचे पकडले, त्यांना मुंबईत आणलं आणि २०२२ च्या आपल्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली पोलिसांच्या ताब्यात दिलं. ड्रोन सोडणाऱ्या हुथीला ह्या कायद्यात बसवायला गेलात तर त्या व्याख्येवरच अडाल.

तृतीयवर्षीय

तटस्थतेची चूक मान्य, खरंच युक्रेनशी घोळ झाला. पण अनुच्छेद, मग हा प्रकार कायद्यात बसतो कशात? आणि सामुद्रधुनीतून जायचा हक्क असेलच ना?

अनुच्छेद

हक्क आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतून 'संक्रमण मार्ग' अडवता येत नाही, किनाऱ्यावरच्या देशाला तो स्थगितही करता येत नाही (अनुच्छेद ३८ आणि ४४). पण हे बंधन राष्ट्रांवर आहे. हुथींनी सप्टेंबर २०१४ मध्ये राजधानी सना घेतलं असलं तरी जगाच्या लेखी येमेनचं सरकार वेगळंच आहे. करारावर ज्याची सहीच नाही त्याला कुठल्या कोर्टात खेचणार? बाकी, समुद्रमार्गांच्या स्वातंत्र्यावर सगळ्यात जास्त बोलणाऱ्या अमेरिकेनेही हा करार स्वीकारलेला नाही, आणि इराणने सही केली पण पुढे मंजुरी दिली नाही. निबंधात ही ओळ टाका.

म्हणून ह्याला सशस्त्र संघर्ष म्हणायचं आणि त्या नियमांनी तोलायचं : लष्करी लक्ष्य कोणतं, नागरी जहाज कोणतं. हुथी म्हणतात, आम्ही इस्रायलशी संबंधित जहाजंच मारतो. तो 'संबंध' कसा ठरतो, ते पडाव जास्त नीट सांगतील.

पडाव

सांगतो. पहिलं जहाज गॅलक्सी लीडर, १९ नोव्हेंबर २०२३. मोटारी वाहणारं, झेंडा बहामाचा, भाड्याने घेतलेलं जपानी कंपनीने, मालकीचा एक धागा इस्रायली उद्योजकापर्यंत जाणारा, आणि निघालं होतं कुठे? गुजरातच्या पिपावावला. २५ खलाशी, त्यांत इस्रायली एकही नाही. ते सुटले जानेवारी २०२५ मध्ये.

पुढे नियम फुगत गेला. आधी इस्रायली मालकी. मग इस्रायली बंदराकडे निघालेलं कुठलंही जहाज. मग जानेवारी २०२४ च्या हवाई हल्ल्यांनंतर अमेरिकी आणि ब्रिटिश. मे २०२४ पासून, ज्या कंपनीचं एखादं जहाज इस्रायली बंदरात गेलं त्या कंपनीची सगळीच जहाजं. जुलै २०२५ मध्ये बुडालेल्या दोन्ही जहाजांच्या कंपन्यांना हाच निकष लावला गेला.

ह्यात चूक कुठे होते? मालकीच्या नोंदी शिळ्या असतात. जहाज विकलं जातं, नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण सार्वजनिक नोंदीत जुना मालक महिनोन्महिने राहतो आणि नव्या मालकाला मार खावा लागतो. म्हणून जहाजांनी एक युक्ती काढली. आपली ओळख प्रसारित करणाऱ्या एआयएस यंत्रात 'गंतव्य' नावाचा २० अक्षरांचा रकाना असतो. त्यात बंदराऐवजी 'सर्व खलाशी चिनी', 'इस्रायलशी संबंध नाही' असं टाकायला लागले. रकाना कुणीही काहीही भरू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबून हल्ला टळेलच असं नाही. यंत्र बंद करणं हा दुसरा उपाय. त्याने क्षेपणास्त्राचा नेम थोडा कठीण होतो, पण अरुंद पाण्यात टकरीचा धोका वाढतो आणि मदतीला येणाऱ्या नौकेलाही तुम्ही सापडत नाही.

मध्यमग्राम

मत क्र. ३ वर. 'बोटचेपं' म्हणायच्या आधी आघाडीत कोण नव्हतं ते पाहा.

सुएझचं सगळ्यात मोठं नुकसान इजिप्तचं. कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये सव्वादहा अब्ज डॉलरच्या आसपास होतं, ते २०२४ मध्ये चार अब्जांवर आलं. तरी इजिप्त आघाडीत नाही. सौदी अरेबियाने मार्च २०१५ पासून हुथींशी लढाई केली, तोही नाही, कारण एप्रिल २०२२ पासून तिथे युद्धविराम टिकून होता आणि त्याआधीच्या महिन्यातच जेद्दाहच्या तेलसाठ्यावर हुथींनी हल्ला करून दाखवला होता. जाहीर झालेल्या यादीत अरब देश एकच, बहारीन. ज्यांचं घर जळतंय तेच पाण्याच्या बंबावर चढत नव्हते, तर दिल्लीने का चढावं?

भारताची स्वतःची गणितंही होती. २०२३-२४ मध्ये आपल्या आयात कच्च्या तेलात एक तृतीयांशाहून जास्त वाटा रशियाचा होता. त्यातलं बरंचसं बाल्टिक आणि काळ्या समुद्रातल्या बंदरांतून येत होतं, म्हणजे सुएझ आणि बाब अल-मंदेबमार्गेच. ही टँकर वाहतूक हुथींनी बहुतांशी चालू दिली. चुकून मार बसला तेव्हा काय होतं त्याचा नमुना : २६ एप्रिल २०२४, टँकर अँड्रोमेडा स्टार, रशियाच्या प्रिमोर्स्कहून गुजरातच्या वाडिनारला निघालेला, ३० खलाश्यांपैकी २२ भारतीय. मदतीला आयएनएस कोची. आघाडीच्या यादीत तिरंगा लागला असता तर असे टँकर चुकून नव्हे, ठरवून मारले गेले असते. वर हुथींच्या पाठीराख्या इराणशी चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार मे २०२४ मध्ये व्हायचा होता.

नौदलाने काम कमी केलं नाही. एडनच्या आखातात आपली गस्त २००८ पासून आहे. ह्या काळात दहाहून जास्त युद्धनौका अरबी समुद्रात उतरवल्या. हल्ला झालेल्या मार्लिन लुआंडा जहाजावरची आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणम, ट्रू कॉन्फिडन्स जहाजावरचे २१ जण उचलायला आयएनएस कोलकाता. मदत सगळ्यांना, हल्ला कुणावरही नाही, आणि चाचे दिसले की मात्र कारवाई. हे धोरण आवडो न आवडो, पण ते धोरण आहे, गोंधळ नाही.

तृतीयवर्षीय

पण मग ह्याला फुकटेपणा नाही का म्हणायचं? क्षेपणास्त्रं अमेरिका पाडणार, तेल आपण आणणार.

मध्यमग्राम

म्हणता येईल, आरोप बिनबुडाचा नाही. फक्त एक प्रश्न विचारा : अमेरिकेने पाडून वाट उघडली का? १५ मार्च ते ६ मे २०२५ येमेनवर जोरदार बॉम्बफेक झाली. शेवटी ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला, तो अमेरिकी जहाजांपुरता. दोन महिन्यांत मॅजिक सीज आणि इटर्निटी सी तळाला गेली. हिशोबनीसांच्या भाषेत, हप्ता उतरला नाही. आघाडीत सामील होऊनही तो उतरला नसता. वीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडून काही हजारांचं ड्रोन पाडायचं हा व्यवहार कुणालाही फार दिवस परवडत नाही.

तुमचं मत टिकवायचंच असेल तर ह्याहून चांगला मुद्दा आहे : झेंडा. भारतीय खलाशी जगभरच्या जहाजांवर आहेत, पण भारतीय झेंड्याची जहाजं मोजकी. २३ डिसेंबर २०२३ ला साईबाबा नावाच्या टँकरवर ड्रोन पडलं, २५ खलाशी भारतीय. अमेरिकेने आधी ते भारतीय झेंड्याचं सांगितलं, मग आपल्या नौदलाने खुलासा केला की झेंडा गॅबनचा. रक्षणाचा कायदेशीर हक्क झेंड्यामागे जातो, खलाश्याच्या पासपोर्टमागे नाही. 'भारताने काय करायला हवं होतं' ह्याचं उत्तर आघाडीत शोधण्यापेक्षा झेंड्यात शोधा.

पडाव

+१. खलाश्यांचा विषय निघालाच आहे तर एक कामाची माहिती. आंतरराष्ट्रीय खलाशी संघटना आणि मालक ह्यांच्यातला करार ज्या जहाजाला लागू आहे, तिथे धोक्याच्या जाहीर पट्ट्यात जायला नकार देता येतो. कंपनीच्या खर्चाने परत पाठवावं लागतं. जायला तयार झालात तर तिथल्या दिवसांचा मूळ पगाराइतका भत्ता, मृत्यू वा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई. अडतं कुठे? सगळी जहाजं त्या करारात नसतात. सही करायच्या आधी करारपत्रावर सामूहिक कराराचं नाव आहे का, आणि भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ह्या दोन गोष्टी पाहायच्या. नकार तोंडी नाही, लेखी द्यायचा.

निफाडकर

मत क्र. ४ वाचून राहवलं नाही. 'विमा असतोच'! द्राक्षाच्या कंटेनरचं काय होतं ते ऐका, मग बोलू.

युरोपचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. पूर्वी न्हावा शेवाहून रॉटरडॅमला माल तीन-साडेतीन आठवड्यांत पोचायचा. २०२४ च्या हंगामात पाच ते सहा आठवडे लागले. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, फक्त उतरत जातं. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी मऊ होतो, मग करडी बुरशी. ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, हळू वाढते इतकंच. तीन आठवड्यांत न दिसणारी पाचव्यात घडभर होते.

लांबच्या प्रवासाला माल वेगळाच निवडावा लागतो. पावसाने भिजलेल्या प्लॉटचा माल नाही. देठ हिरवा आणि जाड, मणी कडक, साल तडकलेली नको. सकाळी उन्हाच्या आत तोडणी. पॅकहाऊसमध्ये सहा-आठ तासांत गराचं तापमान ४ अंशांच्या खाली आणायचं, मग शीतगृहात शून्याच्या आसपास. रीफर (शीत) कंटेनर माल थंड ठेवतो, थंड करत नाही. गरम माल भरला तर मधले बॉक्स आठ-दहा दिवस गरमच राहतात. कंटेनरचा आकडा उणे अर्धा ते शून्य अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. पॅनलवर उणे चिन्ह तपासूनच दार लावायचं. अर्ध्या अंशाच्या जागी ५ दाबलं गेलं तर गेला माल. बॉक्स आतल्या लाल रेषेच्या वर रचायचे नाहीत, नाहीतर वरून हवा फिरत नाही.

बॉक्समध्ये सल्फर डायऑक्साईडचं पॅड असतं. ओलाव्याने त्यातून गॅस सुटतो आणि बुरशी दबते. दोन टप्प्यांचं पॅड घ्यायचं : पहिला थर दोन दिवसांत गॅस सोडतो, दुसरा काही आठवडे हळूहळू. मुरलेले लोकही इथे चुकतात. माल नीट थंड न करता पिशवी बंद केली की आत पाणी सुटतं, पॅड भिजतं, सगळा गॅस पहिल्याच आठवड्यात निघून जातो. मणी देठाकडून पांढरे पडतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पॅड रिकामं. आधी गॅस जास्त, नंतर नाहीच.

आता पैसे. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन माल. भाडं १,००० डॉलरने वाढलं, डॉलर २०२४ मधल्या ८३ रुपयांनी धरला, म्हणजे ८३ हजार. किलोला ६ रुपये ३८ पैसे. वाढ तीन हजार डॉलरची असेल तर १९ रुपये. बागेत औषधं, मजुरी, छाटणी करून जो नफा राहतो तो ह्यातच संपतो.

आणि जहाजं वेळापत्रक सोडून चालतात, त्यामुळे तीन आठवड्यांत निघालेला माल एकाच आठवड्यात धडकतो. सुपरमार्केटची मागणी तेवढीच, भाव पडतो. उशीर झाला की मे अखेरीस इजिप्तची द्राक्षं समोर उभी. त्यांना तांबडा समुद्र ओलांडावाच लागत नाही.

हिशोबनीस

आणि आता विमा. मालाच्या विम्याची जगभर वापरली जाणारी कलमं, ज्यात 'सर्व जोखमी' म्हणून सगळ्यात रुंद छत्री मिळते, त्यातलं ४.५ वाचा : विलंबामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे, आणि तो विलंब विम्यात बसणाऱ्या जोखमीमुळे झाला असला तरीही. द्राक्ष वळशामुळे खराब झालं तर शून्य रुपये. क्षेपणास्त्र कंटेनरवर पडलं आणि युद्धाचं जादा कलम घेतलं असेल तर भरपाई. निफाडच्या माणसाचं नुकसान पहिल्या प्रकारचं होतं.

जहाज कंपनीवर दावा? मालवाहतूक पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात धोका असेल तर मार्ग बदलायची मुभा लिहिलेली असते. निर्यात पतविमा ग्राहकाने पैसे बुडवले तर कामाला येतो, माल उशिरा पोचला म्हणून नाही.

टवाळ

तृतीयवर्षीय, चौथं जहाजही गेलं. नांगर सांभाळा.

तृतीयवर्षीय

मान्य. मत ४ मागे घेतो. मत १ मध्ये 'बहाणा' हा शब्द काढतो, 'गरज आणि नफा दोन्ही' असं लिहितो. २ चा निष्कर्ष ठेवतो, कारणं बदलतो. ३ मात्र पूर्ण सोडत नाही. आघाडीत गेल्याने हप्ता उतरला नसता हे पटलं, पण दुसऱ्याच्या भांडणात न पडल्याचं श्रेय घेताना निफाडच्या बागायतदाराचं बिल कुणी भरलं हे सरकारने सांगायला हवं. ह्या धोरणाची किंमत होती आणि ती आपण त्याच्यावर टाकली.

शेवटचा प्रश्न : पुढच्या हंगामात असं झालं तर निर्यातदाराने कागदावर काय बदलायचं?

हिशोबनीस

मत ३ ची ही मांडणी आधीपेक्षा कितीतरी बरी.

कागदावर : सौदा एफओबी असेल तर भाडं आणि त्यावरचे अधिभार खरेदीदाराकडे. सीआयएफ असेल तर तुमच्याकडे, तेव्हा 'बुकिंगनंतर लागलेले अधिभार खरेदीदार देईल' अशी ओळ आधीच घालायची. द्राक्षात बराच माल 'विक्रीवर हिशोब' (तिकडे विकेल त्या भावाने पैसे) ह्या पद्धतीने जातो, तिथे सगळी जोखीम पाठवणाऱ्याची. किमान हमीभाव लिहून घेता आला तर घ्यायचा, आणि त्या हमीला पोचण्याच्या तारखेची अट जोडू द्यायची नाही. बदललेल्या मार्गाचं जहाज कंपनीचं पत्र जपून ठेवायचं.

निफाडकर

आणि कंटेनरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र दोन ठिकाणी ठेवायचं, एक मध्ये, एक दाराकडच्या शेवटच्या पॅलेटवर. तिकडचा माणूस 'माल गरम आला' म्हणाला की पहिला कागद तोच मागायचा, आणि दार उघडतानाच्या तपासणीला आपला सर्वेयर उभा असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या फोटोंना कुणी विचारत नाही.